लहान शेतावरील अवजारांचे छप्पर : गंज, वाळवी आणि कुंभारीण माशी

पंजाब-हरियाणाच्या भात-गहू पट्ट्यात हॅपी सीडर हे यंत्र ऑक्टोबरच्या अखेरीस बाहेर निघते आणि नोव्हेंबर सरण्याआधी पुन्हा कोपऱ्यात जाते. विदर्भ-मराठवाड्यातील ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्राची कथा फारशी वेगळी नाही. खरिपात काही दिवस, रब्बीत काही दिवस, आणि उरलेले जवळजवळ सारे वर्ष ते उभे असते. अवजार किती वर्षे टिकेल हे त्यामुळे ते शेतात कसे चालवले यावर जितके अवलंबून असते, तितकेच किंवा त्याहून अधिक ते उभे असताना त्याचे काय झाले यावर ठरते. सन 2014-15 पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनेक अवजारांवर 40 ते 50 टक्के अनुदान मिळते. अनुदानाने शेतकऱ्यावरील किमतीचा भार निम्म्यावर येतो. गंजाचा वेग मात्र पूर्वीइतकाच राहतो.

सन 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी जमीनधारणा 1.08 हेक्टर, तर महाराष्ट्रातील 1.34 हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवर अवजारांसाठी वेगळी जागा काढणे जड वाटते, हे खरे. तथापि 20 फूट बाय 15 फुटांची शेड 300 चौरस फूट व्यापते, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्यात एक रोटाव्हेटर, एक पेरणी यंत्र, फवारणी यंत्र आणि किरकोळ साहित्य नीट मावते. ट्रॅक्टरही आत घ्यावयाचा असल्यास आणखी एक खण वाढवावा आणि धुराड्याचा विचार करून प्रवेशाची उंची किमान 9 ते 10 फूट ठेवावी.

जागा कमी असेल तर प्रत्येक अवजाराला छप्पर मिळणार नाही. पलटी नांगर, मोगडा, सरी यंत्र यांसारखी जाड लोखंडाची, फिरते भाग नसलेली अवजारे बाहेर राहू शकतात. ती दगडावर किंवा विटांवर टेकवून, फाळ व फण स्वच्छ करून त्यांना ग्रीस चोळलेले असावे, एवढे पुरे. छपराचा पहिला हक्क पेरणी यंत्राचा. त्यानंतर फवारणी यंत्र, मळणी यंत्र आणि रोटाव्हेटर. या यंत्रांत पातळ पत्रा, साखळ्या, रबरी नळ्या, पट्टे, बेअरिंग आणि बारीक छिद्रे असतात, आणि हानी नेमकी तेथेच होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी याच्या उलट दिसते. रोज लागणारी ट्रॉली छपराखाली आणि वर्षातून दहा दिवस लागणारे पेरणी यंत्र बाभळीखाली!

ओल कोठून येते

गंजासाठी पाऊस थेट अंगावर पडावाच लागतो असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंजाची गती झपाट्याने वाढते. लोखंडावर खताचे कण असतील तर स्थिती आणखी बिघडते. युरिया 30 अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे 72 टक्के आर्द्रतेपासूनच हवेतील पाणी ओढून घेऊ लागतो, म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे 84 टक्क्यांपासून. दोन खते मिसळली की ही मर्यादा दोहोंपेक्षाही खाली येते. म्हणजे पेरणी यंत्राच्या खतपेटीत राहिलेले मूठभर मिश्रण पावसाळ्याच्या दमट हवेत छपराखालीही ओले राहते, आणि पोटॅशमधील क्लोराइड पत्रा आतून खाते. छप्पर याला रोखू शकत नाही. पेरणी संपली त्याच दिवशी पेट्या रिकाम्या करून, धुऊन, उन्हात वाळवून मगच यंत्र आत घ्यावे. खतांच्या गोण्या आणि अवजारे एकाच छपराखाली ठेवू नयेत. द्राक्षबागांतील फवारणी यंत्रांना आणखी एक धोका असतो. बोर्डो मिश्रणातील मोरचूद लोखंडाला लागले की तांबे लोखंडावर बसते आणि त्या बदल्यात लोखंड विरघळते. म्हणून फवारणीनंतर टाकी, पंप आणि नळ्या तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवाव्यात.

जस्ती पत्र्याच्या छपराखाली हिवाळ्यात वेगळाच प्रकार घडतो. रात्री पत्रा थंड होतो, आतील दमट हवा त्याला लागून दव धरते आणि पहाटे ते थेंबाथेंबाने अवजारांवर पडते. चारही बाजूंनी बंद केलेल्या शेडमध्ये हा त्रास अधिक असतो. आढ्याजवळ हवा जाण्यास फट आणि समोरासमोरच्या भिंतींत वर झरोके ठेवल्यास तो बराच कमी होतो. घट्ट गुंडाळलेली ताडपत्री तर याहून वाईट, कारण जमिनीची ओल तिच्या आत अडकते आणि उंदरांना व गांधीलमाश्यांना आयती खोली मिळते. ताडपत्री वापरावयाचीच असेल तर अवजारावर बांबूचा सांगाडा करून तिच्यात आणि अवजारात हात-दीड हात मोकळी हवा ठेवावी, आणि खालचा भाग उघडा ठेवावा.

पैसे टप्प्याटप्प्याने खर्च करावयाचे असतील तर क्रम जमीन, छप्पर आणि शेवटी भिंती असा असावा. जमीन भोवतालपेक्षा फूटभर उंच करून त्यावर अर्धा फूट मुरूम दाबून घ्यावा, आणि पाणी निघून जाईल असा उतार द्यावा. काळ्या जमिनीत मेढी उथळ पुरल्या तर मातीच्या फुगण्या-आकसण्याने छप्पर वाकते. तेथे पाया भेगांच्या खोलीखाली न्यावा लागतो. भिंतींच्या बाबतीत पावसाची दिशा पाहावी. महाराष्ट्रात, कोकणात, केरळात नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा असतो, म्हणून पश्चिम व दक्षिण बाजू बंद आणि पूर्व बाजू उघडी ठेवणे योग्य. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येतो. तेथे हीच मांडणी केल्यास पाऊस थेट आत येईल.

मेढी, वासे आणि वाळवी

वाळवी लोखंड खात नाही. मात्र लोखंडाच्या भोवतालचे जवळजवळ सर्व काही खाते. शेडच्या मेढी, छपराचे वासे, ट्रॉलीच्या फळ्या, अवजाराखाली टेकू म्हणून दिलेले ओंडके, सुट्या भागांची पुठ्ठ्याची खोकी, कोपऱ्यातली गोणपाटे या सर्वांवर तिचा डोळा असतो. विजेच्या तारांवरील वेष्टणही ती कुरतडते. भारतातील शेतीत ओडोन्टोटर्मिस आणि मायक्रोटर्मिस या प्रजातींतील जाती विशेष उपद्रवी आहेत. त्या जमिनीत राहतात आणि वारुळात बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, कोकणात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी ही याच बुरशीची फळे होत.

जमिनीतील वाळवीचे अंग मऊ असते; उघड्या हवेत ती लवकर सुकते आणि मुंग्यांच्या तोंडी पडते. म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत ती मातीची बंद नळी बांधत जाते. मेढ थेट मातीत पुरली असेल तर तिला नळीचीही गरज उरत नाही. ती आतल्या आत वर चढते आणि मेढ पोकळ झाल्याचे छप्पर कलल्यावरच कळते. मेढ सिमेंटच्या फूट-दीड फूट उंच चौथऱ्यावर, लोखंडी पट्टीने धरून उभी करावी. चौथऱ्यामुळे वाळवी अडत नाही, ती त्यावरूनही चढते. पण आता तिला बाहेरून नळी बांधावी लागते, आणि ती नळी डोळ्यांना दिसते. पंधरवड्यातून एकदा सर्व चौथऱ्यांभोवती फेरी मारणे हाच या रचनेचा खरा उपयोग आहे. चौथऱ्याला टेकून पोती किंवा लाकडे रचली की तो निरर्थक होतो, आणि बहुतेक शेडमध्ये नेमके हेच घडलेले दिसते.

नळी दिसल्यास ती खरवडून काढावी व दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. नव्या ओल्या मातीने ती जोडलेली असेल तर वसाहत जिवंत व सक्रिय आहे असे समजावे. इमारतींच्या वाळवी-प्रतिबंधासाठी भारतीय मानक 6313 उपलब्ध आहे. त्याचा दुसरा भाग नव्या बांधकामासाठी आणि तिसरा जुन्या इमारतींसाठी आहे. नवी शेड बांधताना मुरूम टाकण्यापूर्वीच खड्ड्यांत व पायाच्या मातीत प्रक्रिया करणे सर्वांत स्वस्त पडते. कीटकनाशक केंद्रीय मंडळाकडे वाळवीसाठी नोंदणीकृत असलेलेच घ्यावे, मात्रा वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ठेवावी, आणि विहीर किंवा कूपनलिका जवळ असल्यास मातीत औषध ओतण्याचा विचार सोडून द्यावा. अशा जागी चौथरा आणि नियमित फेरी हेच साधन पुरेसे मानावे.

इंजिनातून काढलेले काळे ऑइल मेढींना व अवजारांना फासण्याची पद्धत सर्वत्र आहे. मेढीवर ते काही काळ वाळवीला दूर ठेवते, परंतु लाकडात खोल मुरत नाही आणि पहिल्या पावसानंतर त्याचा भरवसा राहत नाही. लोखंडावर ते अधिकच अयोग्य, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले असतात. रबरी नळ्या व पट्टे तर त्याने फुगतात आणि मऊ पडतात. उघड्या पात्यांना व फणांना नवे, साधे ग्रीस लावणे केव्हाही चांगले.

लाकूड निवडताना सागाच्या किंवा बाभळीच्या गाभ्याचे लाकूड घ्यावे. याच झाडांचे बाहेरील पांढरे लाकूड वाळवीला मुळीच जड जात नाही. बांबूचे वासे वापरणाऱ्यांना वाळवीपेक्षा डायनोडेरस हा लहान, तपकिरी भुंगेरा अधिक सतावतो. वाशांखाली पिठासारखा भुसा सांडू लागला की तो आत आहे. त्याला बांबूतील पिष्ट हवे असते. म्हणून कोवळा आणि वाढीच्या काळात तोडलेला बांबू तो आधी गाठतो. तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तोडलेला बांबू बराच टिकतो. आसामसह ईशान्य भारतात बांबू तळ्यात किंवा वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवतात. त्याने पिष्ट निघून जाते. टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रियाही परिणामकारक आहे, मात्र हे क्षार पाण्याने धुऊन जातात. त्यामुळे ती छपराखालील वाशांना उपयोगी पडते, जमिनीत पुरलेल्या बांबूला नाही.

छिद्रांतील रहिवासी

6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेले एक बोइंग 757 विमान समुद्रात कोसळून त्यातील सर्व 189 जण मृत्युमुखी पडले. विमानाचा वेग मोजणारी नळी बंद झाल्याने वैमानिकांना चुकीचा वेग दिसत होता. ती नळी हाती लागली नाही. परंतु विमान जमिनीवर उभे असताना तिच्यावर आवरण नव्हते, आणि तिच्यात कुंभारीण माशीने घर केले असावे असा तपासातील अंदाज होता. शेतावरील यंत्रात हानी एवढी भीषण नसते. कीटकाची सवय मात्र तीच आहे.

कुंभारीण माशी ओल्या मातीच्या गोळ्या आणून कप्पे बांधते, त्यांत डंख मारून बधिर केलेले कोळी भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. तिच्या दूरच्या नात्यातील काही माश्या कोळ्यांऐवजी अळ्या भरतात, आणि तयार पोकळी मिळाली तर ती केवळ लिंपून घेतात. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सवरील हवा जाण्याचे बारीक छिद्र त्यांच्या सोयीचे असते. ते लिंपले गेले की चालताना तेल तापते, आतील दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर पडू लागते. सील बदलले जाते, पुन्हा गळते, आणि दोष सीलच्या दर्जाला दिला जातो. डिझेल टाकीच्या झाकणातील छिद्र बंद झाले तर टाकीत पोकळी निर्माण होऊन इंजिनला डिझेल कमी पडते. हायड्रॉलिक जोडणीच्या उघड्या तोंडात माती राहिली तर ती तेलाबरोबर थेट झडपांत जाते.

सर्वांत महाग पडते ती पेरणी यंत्राची बंद झालेली नळी. पेटीतून बियाणे खाली उतरताना दिसते, ट्रॅक्टर पुढे जातो, आणि आठवडाभराने उगवण झाल्यावर प्रत्येक फेऱ्यात एक ओळ रिकामी असल्याचे लक्षात येते. कोरडवाहू शेतात तोवर वापसा गेलेला असतो. त्या ओळी पुन्हा टोचता येतात, पण वेळेवर नाही.

उपाय साधा आहे. अवजार आत घेताना प्रत्येक उघड्या तोंडाला टोपण किंवा बूच लावावे. नळ्यांना जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. हवेची छिद्रे पूर्ण बंद न करता त्यांवर बारीक जाळी बसवावी. प्रत्येक बुचाला लाल कापडाची चिंधी बांधलेली असावी, म्हणजे पेरणीच्या घाईत ते काढावयाचे राहणार नाही. पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी सर्व नळ्यांतून तार फिरवावी आणि यंत्र उचलून, चाक हाताने फिरवून प्रत्येक फणाखाली दाणे पडतात का ते पाहावे. हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा पूर्ण आत घेऊन ठेवावा. त्याचा चकचकीत पृष्ठभाग तेलात सुरक्षित राहतो.

नळीत माती नसून पानांचे गोल तुकडे गुंडाळलेले आढळले तर ते काम पाने कातरणाऱ्या मधमाशीचे असते. मेगाकाइल प्रजातीतील या माश्या तुरीच्या फुलांवर उत्तम परागीभवन करतात. ज्याच्या शेतात तूर आहे त्याने त्यांना मारणे म्हणजे स्वतःचेच नुकसान. एका टोकाला बंद, वीतभर लांबीच्या बारीक बोरूंची किंवा बांबूच्या काड्यांची मोळी वळचणीला, सकाळचे ऊन लागेल अशी बांधल्यास त्यांना दुसरी जागा मिळते. वाशांना बोटभर रुंदीची गोल भोके पाडणारा काळा भुंगा हाही शेवग्याच्या फुलांवरील महत्त्वाचा पाहुणा आहे. लाकडाला रंग दिल्यास तो सहसा तेथे जात नाही, आणि शेडबाहेर एखादा वाळका ओंडका ठेवणे त्यालाही पुरते.

गांधीलमाशीशी एवढे सौजन्य शक्य नाही. ती पिकावरील अळ्या नेते, म्हणून शेताच्या बांधावरील तिचे पोळे राहू द्यावे. परंतु रोटाव्हेटरच्या आवरणाखाली, ट्रॉलीच्या तळाशी किंवा ट्रॅक्टरच्या आसनामागे ते चालणार नाही. अवजार जोडण्यापूर्वी लांब काठीने सर्व बाजूंनी ठोकून थोडा वेळ दूर उभे राहावे. पोळे लहान असताना, त्यावर एक-दोनच माश्या असताना ते काढणे सोपे असते; यासाठी उन्हाळ्याच्या आरंभी एक फेरी मारावी. पलिता पेटवून पोळे जाळण्याची रीत डिझेल आणि ग्रीसने माखलेल्या जागेत अत्यंत धोकादायक आहे. अनेक डंख बसल्यास किंवा एका डंखानेही श्वास कोंडू लागल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. अवजाराच्या पोकळ चौकोनी नळीत सातेरी मधमाश्यांनी वसाहत केली असेल तर मधपाळाकडून ती पेटीत हलवून घ्यावी आणि नळीचे तोंड बंद करावे.

उंदरांसाठी शेडभोवती तीन-चार फुटांचा पट्टा गवतविरहित ठेवणे आणि आत दाणा न सांडणे हे विषारी आमिषापेक्षा अधिक टिकाऊ ठरते.

यंत्रात राहिलेले धान्य

मळणी यंत्राच्या चाळण्यांमागे, पंख्याच्या कोपऱ्यांत आणि उचलणीच्या तळाशी हंगामानंतर पसा-दोन पसे धान्य सहज राहते. तेवढ्यात सोंडकिडे, तांबडे भुंगेरे आणि कडधान्यातील भुंगेरे पिढ्यानपिढ्या वाढतात. वायव्य भारतातील उष्ण, कोरड्या भागात खापरा भुंगेरा हा अधिक चिवट. त्याच्या अळ्या फटींत शिरून सुप्तावस्थेत महिनोन्महिने अन्नाशिवाय काढतात. पुढच्या हंगामात यंत्र सुरू झाले की पहिल्याच पोत्यात हे कीटक मिसळतात. यंत्र भाड्याने गावभर फिरत असेल तर ते प्रत्येक खळ्यावर त्यांची वाटणी करत जाते. धान्य साठवल्यावर महिन्याभरात कीड दिसली की दोष कोठाराला दिला जातो. ती खळ्यावरूनच आली असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. गाजरगवताचे बी आणि मररोगाच्या बुरशीची मातीही नांगर व रोटाव्हेटरबरोबर अशीच गावोगाव जाते. अवजारे बँक चालवणाऱ्या गटांनी म्हणून प्रत्येक शेतातून निघताना अवजार तेथेच खरवडून स्वच्छ करण्याची अट घालावी.

शेवटची मळणी झाल्यावर यंत्र काही मिनिटे रिकामे चालवावे, ते बंद करून पट्टा उतरवल्यावर सर्व झाकणे उघडावीत, चाळण्या काढून कोपरे ब्रशने व हवेच्या झोताने साफ करावेत. निघालेला गाळ शेडमध्ये न ठेवता कोंबड्यांना घालावा किंवा खोल पुरावा. झाकणे त्यानंतर काही दिवस उन्हात उघडीच राहू द्यावीत आणि पट्ट्यांचा ताण सैल करावा. मळणी यंत्र आणि धान्याची कणगी यांत भिंत तरी असावी, शक्य तर अंतर असावे. पुढील हंगामात यंत्रातून निघालेले पहिले पोते खूण करून बाजूला ठेवावे. ते साठवणीत न टाकता आधी दळणाला किंवा जनावरांच्या खाद्यासाठी वापरावे, आणि बियाण्यासाठी तर मुळीच राखू नये.